आरोंदेकरी डोळे

सुगंधाताई भोईरांना संग्रहालयाच्या दारातच अडवलं, आणि तेही भाकरीवरून. पिशवीत तांदळाच्या सहा भाकऱ्या, सुकटीचा डबा आणि आंब्याच्या लोणच्याची बाटली. दारावरच्या तपासयंत्राला सुकटीचा वास लागला आणि त्याने लाल दिवा पेटवून नुसती बोंब ठोकली.

"मावशी, खाण्याचं सामान आत नेता येत नाही," दारावरची मुलगी म्हणाली.

"अगं, मी कुठे खाणारे आत? लेकीसाठी आणलंय. ती इथेच कामाला आहे. ईश्वरी भोईर."

मुलगी खुर्चीतून उठलीच. "ईश्वरी मॅडमच्या आई तुम्ही? अहो, मग उन्हात काय उभ्या राहता!" पिशवी मानाने कपाटात गेली, ताईंच्या हातात थंड पाण्याचा पेला आला. ताईंना आतून असं बरं वाटलं म्हणता! पण चेहऱ्यावर दाखवतील त्या सुगंधाताई कसल्या.

या मायलेकींचं सहा वर्षांचं भांडण होतं. ताई पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायच्या. मूर्ती साच्यातून निघते, अंगाचा रंग फवाऱ्याने बसतो, पण देवाचे डोळे मात्र हातानेच काढावे लागतात. त्यालाच आखणी म्हणायचं. चौतीस वर्षं ताई तेच करत आल्या होत्या. ईश्वरीचा हातही तसाच सरळ होता, आणि पोरगी आपल्या शेजारच्या पाटावर बसणार हे ताईंनी मनाशी धरलं होतं. तर ऐन श्रावणात, तीनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या असताना, पोरीला मुंबईची नोकरी लागली. चित्रांवरून चित्रकाराचा हात ओळखणारं यंत्र बनवायची नोकरी. ताई एवढंच बोलल्या, "जा. पण हाताला हात कळतो, यंत्राला नाही." त्यावर ईश्वरी म्हणाली, "तुला काय कळतंय यंत्रातलं!" आणि गेली. मग फोनवर 'जेवलीस का' आणि 'हो', एवढंच उरलं. गणपतीला लेक आली नाही, मुंबईला आई गेली नाही. दोघी एकाच मातीच्या, दुसरं काय!

आणि मागच्या आठवड्यात फोन आला. "आई, शनिवारी माझ्या यंत्राचं उद्घाटन आहे. येशील?" ताई म्हणाल्या, "बघू." आणि फोन ठेवल्याबरोबर मोरपंखी साडी इस्त्रीला टाकून आल्या.

दोन हजार त्रेचाळीस सालचं ते मुंबईचं नवं चित्रसंग्रहालय. सात मजले, चाळीस दालनं, आणि सगळीकडे असा स्वच्छ उजेड की सावलीला जागाच नाही. ईश्वरी धावत खाली आली. वाकून नमस्कार करावा की मिठी मारावी या गोंधळात तिने आईचा हातच धरला आणि सोडला नाही. ताईंनीही सोडवून घेतला नाही.

मग जी सुरुवात झाली! ताईंना एवढी चित्रं एका जागी बघायची सवय नव्हती. एका दालनातून दुसऱ्यात त्या पोरीसारख्या पळत होत्या, आणि मागून ईश्वरी "आई, हळू, पाय घसरेल" करत.

"हा माणूस घाबरट बघ. रेघ ओढतो आणि पुन्हा तिच्यावरूनच जातो." पुढच्या चित्रापाशी, "याला घाई झाली होती. कुणीतरी जेवायला हाक मारली असणार." त्याच्या पुढे, "अगं बाई! हा बघ, हा कसा श्वास रोखून बसलाय. याला मी कामावर ठेवला असता."

ईश्वरी हसत सुटली. हसता हसता थांबून म्हणाली, "आई, हेच. अगदी हेच माझं यंत्र सांगतं. त्याला फक्त सहा वर्षं लागली."

पाचव्या मजल्यावर तिने आईला यंत्रासमोर बसवलं. पांढरं टेबल, वर एक राखाडी हातमोजा, शेजारी आकड्यांचा पडदा, बाकी काही नाही. ताईंची जरा निराशाच झाली. एवढ्यासाठी पोरगी घर सोडून आली?

"ऐक," ईश्वरी म्हणाली. "तेलरंग वाळला की ब्रशच्या केसांचे चर त्यात तसेच राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. आम्ही त्यांच्यावर प्रकाश सोडून खोली मोजतो. चर कुठे खोल, म्हणजे हात कुठे दाबला. केस कुठे फाकले, म्हणजे हात कुठे भरभर गेला."

"एवढं तर मी नुसतं बघून सांगेन."

"थांब गं! आता खरी गंमत. कुणाचाही हात अगदी स्थिर कधीच नसतो. तुझासुद्धा. सेकंदाला आठ ते बारा वेळा तो थरथरतो, आपल्याला कळतही नाही. कितीही आवरलंस तरी ती थरथर थांबत नाही, आणि प्रत्येकाची वेगळी. ती थरथर त्या चरांमध्ये उमटलेली असते. रंग वाळला, माणूस गेला, पण थरथर तिथेच. यंत्र ती वाचतं आणि या मोज्यात पुन्हा चालवतं. मोज्यात हात घातलास की सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात जसा फिरला, तसा तुझा फिरतो."

मोज्याकडे ताईंनी पुन्हा एकदा पाहिलं, या वेळी नीट. "म्हणजे मेलेल्या माणसाच्या हातात हात?"

"हो."

"आणि ह्यासाठी तू गेलीस." ताई लेकीकडे वळल्या. "मेले, मला आधी सांगायचं नाही का!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," ताई म्हणाल्या, आणि दोघी खळखळून हसल्या.

समोरच्या भिंतीवर चित्र होतं. उंबऱ्यात बसलेली एक बाई, मांडीवर सूप, तांदूळ निवडता निवडता तिने कुणाकडे तरी मान वर करून पाहिलंय. काय ते पाहणं! ताई दोन पावलं मागे सरल्या. तिने आपल्यालाच हाक मारली की काय, असं त्यांना वाटलं.

चित्र मुंबईच्या रघुवीर आरोंदेकरांचं, सत्तर वर्षांपूर्वीचं. निदान तसं म्हणत होते. आरोंदेकरांची आजवर चौदाच चित्रं माहीत होती, आणि त्यांतले डोळे इतके नावाजलेले की जाणकार त्यांना 'आरोंदेकरी डोळे'च म्हणत. हे पंधरावं चित्र कारखानीसबाईंच्या सासरच्या ट्रंकेत गुंडाळलेलं सापडलं. त्या संग्रहालयाच्या विश्वस्त. चित्र त्यांनी भेट दिलं, पण खरं की नक्कल यावरून जाणकारांत जुंपली. शेवटी ठरलं, यंत्र सांगेल ते. यंत्राने सांगितलं, शंभरात चौऱ्याण्णव गुण, हात तोच. आज पाच वाजता सगळ्यांसमोर ईश्वरी प्रमाणपत्रावर सही करणार होती, आणि त्याच मंचावर तिला विभागप्रमुख म्हणून जाहीर करणार होते. सहा वर्षांच्या राबण्याचं चीज एका सहीवर येऊन ठेपलं होतं.

"पाच तज्ज्ञांनी मोजा घालून पाहिला," ईश्वरी म्हणाली. "पाचही जण म्हणाले, आरोंदेकरच. आता तू बघ. बांगड्या काढाव्या लागतील."

"काचेच्या बांगड्या अशा उठसूट काढत नसतात." ताईंनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वरून रुमाल बांधला. आखणीला बसताना त्या रबर लावायच्या, तशाच सवयीने. मग मोज्यात हात घातला.

आधी काहीच नाही. मग बोटं आपोआप मिटली, जणू त्यांच्यात ब्रश आला. आणि हात चालू लागला. सुगंधाताईंचा हात, पण चालवणारं दुसरंच कुणी. वरच्या पापणीची रेघ. आतल्या कोपऱ्यातून निघाली, फुगली, बारीक होत बाहेर आली. रोज ताई हेच करत होत्या, चौतीस वर्षं, पण दुसऱ्या कुणी आपला हात धरून आखणी करावी हे सुख त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. रेघ संपली. संपताना मनगट किंचित वर उचललं गेलं.

खालची पापणी. रेघ संपली, मनगट वर.

बुबुळ. मनगट वर.

"पुन्हा लाव," ताई म्हणाल्या.

ईश्वरीने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्या वेळी ताई एकदम टाळी वाजवून ओरडल्या, मोज्यासकट. "अगं, ही बाई आहे!"

"कोण?"

"डोळे काढणारी! रेघ संपली की मनगट उचलते बघ प्रत्येक वेळी. कशाला उचलते? हातात बांगड्या आहेत तिच्या! खाली घसरून ओल्या रंगात पडू नयेत म्हणून. मी नवीन होते तेव्हा मीही अशीच उचलायचे. आमच्या पमाआत्या शिकवायच्या, त्यांच्या वेळी रबर कुठलं! बांगडी रंगाला लागली की पाठीत धपाटा."

ईश्वरीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या हातात फक्त घड्याळ होतं. आणि पाच तज्ज्ञ? पाचही पुरुष.

"आई, आरोंदेकर पुरुष होते."

"असू देत. मी कुठे नाही म्हणते! आता दुसरा डोळा लाव."

दुसऱ्या डोळ्याला हात उलटाच चालला. पापणीची रेघ खालच्या बाजूला, सगळंच पालथं. "हे आम्हाला माहीत आहे," ईश्वरी म्हणाली. "आरोंदेकरांची खास शैली म्हणून एका तज्ज्ञांनी यावर चाळीस पानं लिहिली आहेत."

"शैली कसली डोंबलाची!" ताईंना हसू आवरेना. "उजव्या हाताला एक डोळा सोपा, दुसरा अवघड. म्हणून आम्ही हात नाही फिरवत, मूर्ती फिरवतो पाटावर. हिने चित्र फिरवलंय, खालचं वर. ही मूर्तीवर शिकलेली बाई आहे, ईशू. आमच्यातली आहे."

'ईशू' ही हाक सहा वर्षांनी आली होती. पण तेव्हा दोघींचंही तिकडे लक्ष नव्हतं. ईश्वरी पडद्यापाशी धावली. घड्याळात अडीच वाजले होते.

"यंत्र म्हणतं हात तोच. मग ते चुकलं कुठे?" ती स्वतःशीच बोलत होती. बोलता बोलता तिने कपाळावर हात मारला. "आई, आम्ही यंत्राला आरोंदेकरांचा हात शिकवला तो फक्त डोळ्यांवरून. चौदा चित्रांतले अठ्ठावीस डोळे. साड्या, भिंती, भांडी यांची मापं आम्ही बाजूलाच ठेवून दिली. सगळे म्हणाले, कपडे शिष्यांनी रंगवले असतील, डोळे मात्र गुरूचेच असणार."

"असं कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनीच. तसंच असतं ना?"

"कारखान्यावर पाटी मालकाची असते, आणि डोळे माझे असतात," सुगंधाताई शांतपणे म्हणाल्या. "तू तर तिथेच वाढलीस. तुला हे कळू नये?"

ईश्वरीला ते लागलं. पण लागून घ्यायला वेळ नव्हता. तिने यंत्राला साडी वाचायला लावली. मग सूप. मग कोपऱ्यातली सही. मग चौदाच्या चौदा चित्रांच्या साड्या, पदर, भिंती. यंत्र घरघरत राहिलं, मायलेकी पडद्यासमोर उभ्या, एकीची नखं दुसरीच्या दंडात रुतलेली. पाऊण तासाने आकडे आले. सही करणारा हात आणि साड्या रंगवणारा हात एकच, थरथर सेकंदाला साडेआठ. डोळ्यांचा हात दुसराच, थरथर अकराच्या जवळ. पंधराही चित्रांत तसंच. चित्र खरंच होतं, नक्कल नव्हती. आरोंदेकरांनी साडी रंगवली होती, सूप रंगवलं होतं, सहीही केली होती. आरोंदेकरी डोळे मात्र आरोंदेकरांनी कधी काढलेच नव्हते.

ईश्वरीने आईला उचललंच. खरोखर उचललं, सत्तावन्न वर्षांच्या बाईला. दोघी नाचल्या त्या दालनात. सत्तर वर्षं भल्याभल्यांना जे दिसलं नाही ते पेणच्या एका बाईने तीन फेऱ्यांत पकडलं होतं.

आनंद साडेचारपर्यंत टिकला. संचालक डॉ. गुप्ते आले, आकडे बघून खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"ईश्वरी, शोध मोठा आहे. पण आज नको. खाली दोनशे लोक बसलेत, कारखानीसबाई बसल्या आहेत. आज सही करा. यंत्र खोटं थोडंच बोलतंय? हात तोच म्हणतंय, तोच आहे. सहा महिन्यांनी सावकाश निबंध लिहा." जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि आज हा विषय काढलात, तर तुमच्या नेमणुकीचं मी काही सांगू शकत नाही."

ते गेले. सुगंधाताई मटकन खाली बसल्या. "हात दाखवून अवलक्षण केलं मी. ईशू, सही करून टाक. मी अडाणी बाई, चुकलेही असेन."

"तू चुकली नाहीस. आकडे आहेत माझ्याकडे."

"आकडे राहू देत बाजूला. सहा वर्षं घातलीस तू यात."

ईश्वरी आईसमोर जमिनीवर बसली. "मला खरं सांग. तू काय केलं असतंस?"

ताईंनी त्या सूपवालीकडे पाहिलं. मग सावकाश बोलू लागल्या. "चौतीस वर्षांत किती डोळे काढले असतील मी? सगळे पाण्यात गेले, अनंत चतुर्दशीला. त्याचं मला वाईट वाटत नाही बघ. माझं नाव नाही, तसं माझं कामही मागे नाही. हिशेब सरळ. पण हिचे डोळे राहिले. भिंतीवर राहिले, जग बघायला येतं, आणि नाव लागतं दुसऱ्याचं. हे मात्र मला नाही सहन होत. मी असते तर बोलले असते, आणि मग रडत घरी गेले असते."

ईश्वरीने डोळे पुसले आणि उठली. "चल खाली."

पाच वाजता मंचावर चित्र, टेबल, मोजा. पहिल्या रांगेत कारखानीसबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पांढरी साडी, ताठ कणा. प्रमाणपत्राचा कागद पुढे आला. ईश्वरीने पेन उचललं नाही.

"हे चित्र खरं आहे," ती म्हणाली. "पण यातले डोळे रघुवीर आरोंदेकरांनी काढलेले नाहीत. हे नाहीत, आणि आधीच्या चौदा चित्रांतलेही नाहीत. यंत्राला आम्ही चुकीचं नाव शिकवलं. चूक माझी."

सभागृहात गलका उडाला. डॉ. गुप्ते घाम पुसू लागले. कारखानीसबाई काठी टेकत उभ्या राहिल्या, तशी गडबड एकदम थांबली.

"माझ्या सासऱ्यांनी जपलेल्या चित्राला नावं ठेवतेस? मग कुणी काढले डोळे?"

"ते मी सांगणार नाही," ईश्वरी म्हणाली. "मी सांगितलं तर माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. तुम्हीच मोज्यात हात घाला."

बाई मंचावर चढल्या. रागारागाने घड्याळ काढलं, हात आत घातला. पडद्यामागे उभ्या असलेल्या सुगंधाताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मोजा चालू झाला. पापणीची रेघ, मनगट वर. खालची रेघ, मनगट वर. बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बुबुळ, मनगट वर. मोजा थांबला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा लावला. दोनशे माणसं एका म्हातारीचं मनगट बघत होती.

"लग्न झालं तेव्हा महिनाभर हिरवा चुडा होता माझ्या हातात," कारखानीसबाई बोलू लागल्या. आवाजातला राग कुठे गेला कुणास ठाऊक. "सासूबाई पानात तूप वाढायला सांगायच्या. बांगड्या तुपात बुडतील म्हणून मी अशीच, अगदी अशीच, दर वेळी मनगट उचलायची. साठ वर्षांत मला हे कधी आठवलंही नव्हतं." त्यांनी हात बाहेर काढला आणि गुप्त्यांकडे वळून म्हणाल्या, "ही बाई आहे, डॉक्टर. चुडा भरलेली बाई आहे. तुमच्या पाच विद्वानांना एक बांगडी ऐकू आली नाही?"

मग काय विचारता! बसलेल्या बायका उठल्या आणि मोज्यासमोर रांग लागली. प्रत्येक बाईचं मनगट वर जाई आणि प्रत्येकीच्या तोंडून "अगं बाई!" निघे. पुरुष मागे उभे राहून एकमेकांना विचारत होते, काय झालं, काय झालं. गुप्त्यांनी चित्राखालची पाटी गुपचूप उतरवली. ईश्वरीच्या नेमणुकीचा कागद कारखानीसबाईंनी मागून घेतला, आणि तिथेच, उभ्याउभ्या, त्यावर सही केली.

"आता नाव सांग हिचं," बाई ईश्वरीला म्हणाल्या. "नवी पाटी करायला हवी."

"नाव अजून माहीत नाही."

"मग 'अज्ञात' लिहू या?" गुप्त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही!" सुगंधाताई पडदा सारून थेट मंचावर आल्या. दोनशे माणसं बघताहेत याचं भान त्यांना राहिलं नव्हतं. "अज्ञात कशी? कुणाची तरी लेक असेल ती, कुणाच्या तरी शेजारच्या पाटावर बसली असेल. पमाआत्या अजून आहेत, नव्वदीच्या. अशा आणखी दोघी आहेत आळीत. चित्रातले डोळे काढायला मुंबईला कोण गेली होती, हे त्या बसल्या जागी सांगतील. कुणी जाऊन विचारलंच नाही त्यांना!"

ईश्वरी आईजवळ आली. "मी विचारते. येते मी पेणला. उद्या सकाळी."

सुगंधाताईंनी लेकीकडे पाहिलं. सहा वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता किती सोपं झालं होतं.

"उद्या कशाला?" त्या म्हणाल्या. "साडेसातची गाडी आहे. माझ्याबरोबरच चल."